प्लास्टिकवरनं दाबलेला एक
शाळा मी चौथीत सोडली. मास्तर सांगायचे, शाळेनंच ह्याला सोडलं. तरीपण दूध मोजायच्या मशीनच्या प्रोग्राममध्ये माझ्या बोटाचं माप आहे, हे मी उणकलमध्ये भेटेल त्याला सांगतो. मला बघून लोक रस्ता बदलतात, तो भाग वेगळा.

दोन हजार सालच्या मागंपुढं नवनगरात एका शेडमध्ये आमचा कारखाना होता. गावच्या दूध सोसायट्यांसाठी मशीन करायचो. सभासदाचा नंबर दाबला की दुधाचं वजन त्याच्या नावावर चढायचं. मी सोल्डरिंगला, कथलाचे टाके मारायला. प्रोग्राम लिहायला धारवाडच्या एक मॅडम होत्या, कॉलेजातनं नुकत्याच बाहेर पडलेल्या. वयानं माझ्या निम्म्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला अण्णा.

आपलं काम त्यांनी मला एकदा समजावलं. "अण्णा, वरचा मोठा प्रोग्राम म्हणजे साहेब. त्याला बटण काय, दिवा काय, काही ठाऊक नसतं. मी त्याच्या हाताखालचे शिपाई लिहिते. एक शिपाई बटण बघून सांगणार, एक अक्षरं दाखवणार, एक घड्याळ चालवणार."

"म्हणजे साहेबाला स्वतःचं काहीच येत नाही?"

"काहीच नाही."

"आपल्या मालकासारखंच की!"

मालक मागंच उभे होते. त्या आठवड्यात शेड मी झाडली.

कलघटगीच्या सोसायटीला आमचं पहिलं मशीन गेलं आणि तक्रार आली. बारा नंबरच्या बाईचं दूध एकशे बारा नंबरवर चढतंय. एक दाबला की एकाचे दोन एक होतात. बायका भांडायला लागल्या. मालकांनी मला पाठवलं. मी बसनं गेलो, मशीनवरचं प्लास्टिक काढून फेकलं, पाचपन्नास वेळा बटणं दाबली. एकदम बरोबर! उगीच दोन टाके परत मारले, छाती काढून परत आलो. चार दिवसांत फोन, परत तेच. परत गेलो, बटणांची पट्टीच बदलली. परत छाती. परत फोन.

आता मालक चिडले. सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले, "दिवाळीपर्यंत कलघटगी गप्प झालं नाही तर बेंगळूरहून प्रोग्रामसकट तयार कार्ड आणतो. मग तुमचा प्रोग्राम नको, आणि तुम्हीपण दुसरीकडं बघा." दुपारचा डबा मॅडमनी उघडलाच नाही. मला वाटत होतं, चूक माझ्या टाक्यांची असणार आणि नोकरी जाणार ह्या पोरीची. पण हे तोंडानं कबूल करायला धीर पाहिजे, तो माझ्याकडं नव्हता.

आणि पुढचा फोन आला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. माझी सोल्डरिंगची इस्त्री, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सगळं हळदकुंकू लावून फळीवर मांडलेलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

"मालक, हत्यारं पूजेत आहेत. हात हालवत जाऊन काय करू?"

"हत्यारं घेऊन दोनदा जाऊन काय दिवे लावलेस? नुसतं बघून ये."

गेलो. सोसायटीच्या सेक्रेटरीनंपण मशीनची पूजा केलेली. वर झेंडूचा हार, आणि प्लास्टिकवरनं दोरा बांधलेला. मी सवयीनं प्लास्टिकला हात घातला तसा तो ओरडला, "बिड्री अण्णा, बिड्री! आज दोरा सोडायचा नाही."

कानडीत बिड्री म्हणजे सोडा. हात काढला. करतो काय? बाकड्यावर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा काम करण्याऐवजी काम बघितलं. बायका येत होत्या, दूध ओतत होत्या, शिंतोडे उडत होते. ते आत जाऊ नयेत म्हणून हे प्लास्टिक. खताच्या पोत्याच्या आतलं असतं ना, ते जाड. सेक्रेटरी ओल्या बोटानं त्याच्यावरनंच नंबर दाबायचा. बोट घसरायचं, बटण अर्धं बसायचं, थरथरायचं, मग खाली जायचं. आणि पडद्यावर एकाचे दोन!

"हे प्लास्टिक रोज असतं?" मी विचारलं.

"रोज. तूच येऊन काढतोस. तू गेलास की मी परत घालतो."

तिथंच स्वतःच्या डोक्यात एक मारून घेतली. रोग अंगावर पांघरून बसलेला आणि हा डॉक्टर पांघरूण फेकून नाडी बघत होता.

तसलंच प्लास्टिक मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावरच्या कार्डाच्या बटणांवर बांधलं. त्यांनी स्कोपच्या, म्हणजे वीज पडद्यावर रेघेनं दाखवणाऱ्या यंत्राच्या, तारा लावल्या. मी बोट दाबलं. स्कोपवरची रेघ सरळ खाली यायची ती बेडकासारखी उड्या मारायला लागली. मॅडम खुर्चीतनं उठल्याच.

"अण्णा, माझा बटणाचा शिपाई एकदा बघतो, जरासा थांबतो, परत एकदा बघतो आणि ओरडतो, दाबलं म्हणून. ह्या थरथरीत तो दोनदा ओरडतोय! तुमचा टाका बरोबर आहे. चूक माझी आहे."

चूक माझी, असं इतक्या सहज म्हणणारं माणूस मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा बघितलं. मला इतके दिवस जमलं नव्हतं.

मग चार दिवस त्यांनी मला दुसरं काम करू दिलं नाही. ओलं बोट, तेलकट बोट, हळू, जोरात, घसरवून. मी दाबायचो, त्या मोजायच्या. नवा शिपाई सारखा बघत राहायचा, बटण पुरतं शांत झाल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. आणि बोट पुरतं उचललं गेल्याशिवाय दुसरं दाबणं मोजायचा नाही. किती वेळ शांत, तो आकडा माझ्या बोटावरनं ठरला. सगळ्यात जाड आणि सगळ्यात अडाणी बोट तेच होतं.

नवा प्रोग्राम भरलेली चिप घेऊन कलघटगीला मॅडम स्वतः आल्या. मी प्लास्टिकला हातपण लावला नाही. सेक्रेटरीनं वरनंच बारा दाबला. बाराच आला. सकाळच्या सगळ्या बायकांचं दूध आपापल्या नंबरवर गेलं.

दिवाळी झाली, फोन आला नाही. बेंगळूरच्या कार्डाचं नाव मालकांनी परत काढलं नाही. मॅडमना म्हणाले, "अजून वीस मशीन करायची आहेत, बसा." माझ्याकडं बघून म्हणाले, "तू काय बघतोस? बोट धुऊन ये."

त्या आकड्याच्या शेजारी मॅडमनी प्रोग्राममध्ये इंग्रजीत एक ओळ लिहिलेली. मला काय वाचता येणार? "वाचा की," म्हणालो. त्यांनी वाचून अर्थ सांगितला: हा आकडा कमी करू नये, अण्णांचं बोट प्लास्टिकवरनं दाबून ठरवलेला आहे.

मला नीट ऐकू आलं नाही, असं सांगून मी ती ओळ त्यांच्याकडनं तीनदा वाचून घेतली.