कौसाक्काच्या रानातला चर

पाटाला पाणी सुटलं की आमच्या शिवारात माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. कौसाक्का मात्र आधी उसात शिरून माती मुठीत दाबून बघायची आणि ओल असली की पुष्कळदा आपली पाळी सोडून द्यायची. ते पाणी मी घ्यायचो. कोपरगावच्या बाजूला हक्काचं पाणी सोडणाऱ्याला लोक खुळा समजतात; मीही तिला तेच समजत होतो.

तिच्या वरची जमीन मी कांद्याच्या व्यापारातून घेतली. वारशानं मला ढेकूळही मिळालेलं नाही. त्या जमिनीच्या खालच्या अंगाला मीठ सांडल्यासारखा पांढरा पट्टा दिसू लागला आणि माझी झोप उडाली. पट्टा दर वर्षी रुंद होई. त्यात ऊस गुडघ्याच्या वर जाईना. जादा मुरलेल्या पाण्यानं जमिनीतला खार वर येत होता; ते पाणी बाहेर काढायला चर हवा होता आणि उतार होता कौसाक्काच्या रानातून.

मी भाव करायला गेलो.

"पैसा नको शेठ," ती म्हशीची धार काढता काढता म्हणाली. "चर काढ. पन त्या तुकड्यात ऊस न्हाई लावायचा. धैंचा पेरायचा, आन् फुलावर आला की हिरवं खत म्हून जमिनीत गाडायचा."

"माझ्या रानात काय पेरायचं ते तू ठरवणार?"

"पानी माझ्या रानातून जानार, मग कोन ठरवनार? लई पाजलंस तू जमिनीला. जावयाला बी कोनी इतकं वाढत न्हाई."

मी तणतणत बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. इतका वाईट सौदा मी आयुष्यात केला नाही. तो राग अजून आहे.

चर खणला, धैंचा पेरला. ती येता-जाता विचारायची, "शेठ, बियाला ठेवायचा इचार न्हाई ना?" विचार होताच. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

धैंचा कमरेला लागला आणि कौसाक्का थोड्याशा आजारात गेली. सगळं बोलणं तोंडी झालेलं. दहावं झाल्यावर मी धास्तावूनच तिच्या सुनेला विचारलं, "चर राहू द्याल ना?"

"आत्याबाई सांगून गेल्यात, भावजी. धैंचा गाडला तर ऱ्हाऊ द्यायचा. बियाला ठेवला तर बुजवायचा."

पिवळी फुलं नुकतीच दिसू लागली होती. मी ट्रॅक्टर बोलावला आणि उभं पीक मातीत जाताना बांधावर बसून राहिलो.

पट्टा आता जरा विरळ वाटतो. कधी वाटतं, हा माझ्या डोळ्यांचा भास आहे. खात्रीनं सांगणारी ती एकटीच होती, आणि तिच्याशी मला अजून पुष्कळ भांडायचं होतं.