पाण्याकडे तोंड करून

धुडकू शिंदखेड्याकडचा. विसाव्या वर्षी सुरतेला आला आणि लूमवर उभा राहिला, तो पंचवीस वर्षं उभाच होता. एका शेडमध्ये साठ लूम खडखडायचे. तिथे कुणी तोंडाने बोलत नसे. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं बोटांनी, भुवयांनी, ओठांनी. ही भाषा धुडकूला सगळ्यांत चांगली यायची. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणी शिवी हासडली तरी तो इकडे हसायचा.

काशिनाथ त्याचा दोस्त. शेजारच्या गावचा, त्याच कारखान्यातला. दोघं सुरतेतल्या गोडादऱ्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत. लग्नांना, मयतींना ते बरोबर गेले होते, पण नुसतं फिरायला कधीच नाही. म्हणून सत्त्याण्णवच्या जानेवारीत काशिनाथ म्हणाला, "सुट्टीना दिन उकाई देखी येवूत," तेव्हा धुडकूला नवल वाटलं.

"तठे काय काम शे?"

"काम काहीच नही. तलाव देखाना, भाकर खावानी, परत येवानं."

सकाळच्या पॅसेंजरने ते सोनगढला उतरले. गावी जाताना हे स्टेशन दरवेळी खिडकीतून मागे जायचं. इथे उतरण्याची ही पहिलीच वेळ. तिथून जीपने उकाई. गाव दोघांनाही आवडलं. धरणावरच्या लोकांसाठी बांधलेली बैठी घरं, दारात बोगनवेल, स्वच्छ रस्ते, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर पाणी. दोघं काठावर बसले, कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. धुडकूच्या कानात सुट्टीच्या दिवशीही लूम चालू असायचे. सगळ्यांचंच असं असणार, असं तो धरून चालला होता.

जेवण झाल्यावर काशिनाथ हात धुवायला चार पावलं पुढे गेला आणि तिथेच उकिडवा बसला. ज्या कामासाठी त्याने हा सगळा घाट घातला होता, ते तोंडावर बोलायचा त्याला संकोच वाटत होता. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "धुडकू, तुनी उज्ज्वला मना योगराजले देशी का?"

मागून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्याने वळून पाहिलं. धुडकू दूरच्या होडीकडे बघत निवांत बिडी ओढत होता.

काशिनाथने पुन्हा विचारलं नाही. परतीच्या गाडीत तो डोळे मिटून बसला. दमला असेल, असं धुडकूला वाटलं.

त्यानंतर काशिनाथचं घरी येणं थांबलं. कारखान्यात तो मान खाली घालून काम करायचा. दीड महिन्याने पिठाच्या गिरणीवर काशिनाथच्या बायकोने धुडकूच्या सुंदराला सुनावलं, की पोर द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं, माणसाने उकाईला नेऊन विचारल्यावर असं गप्प बसतात का?

सुंदराने घरी येऊन नवऱ्याला धारेवर धरलं. धुडकू शपथेवर म्हणाला, "माले कोणी काहीच इचारं नही."

सुंदरा विचारात पडली. दुसऱ्या दिवशी तो जेवत असताना तिने चुलीकडे तोंड केलं आणि भाकरी थापता थापता म्हटलं, "उज्ज्वलाले ताप उना शे." धुडकू जेवत राहिला. तिने थोडं मोठ्याने म्हटलं. तो जेवत राहिला. सुंदराचे हात थांबले. दोन वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस आपलं बोलणं मनावर घेत नाही. किती दिवस तर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

डॉक्टरने तपासलं. कान गेलेत, परत येणार नाहीत, म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी धुडकू भर पाळीत काशिनाथच्या लूमसमोर जाऊन उभा राहिला. स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, हात हलवला. मग ओठांनी, एकेक शब्द सुटा करून: उकाईले, माले, ऐकू, उनं, नही. त्या आवाजात काशिनाथला ते लख्ख कळलं. त्याने लूम बंद केला आणि त्याला अंगणात ओढून नेलं.

"माले वाटनं, तुना मनमा नही," तो समोर उभं राहून म्हणाला. "आठ दिन झायात. योगराजनी सुपारी फुटनी. नवापूरनी पोर शे."

धुडकूची नजर त्याच्या ओठांवर होती. मग म्हणाला, "पोर कशी शे?"

"चांगली शे."

योगराजच्या लग्नात धुडकूने वाढप केलं. काशिनाथ पुन्हा रात्रीच्या जेवणाआधी येऊन बसू लागला, आणि धुडकूशी बोलायचं तर समोर येऊन बोलायचं हे घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. सुंदरा मात्र चांगलं स्थळ हुकलं म्हणून काही दिवस हळहळत होती. एकदा ती असंच काही म्हणाली, तेव्हा बारावीची पुस्तकं घेऊन बसलेली उज्ज्वला उठली, बापाच्या पुढ्यात येऊन बसली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं का? मला नर्सिंगला जायचंय."

धुडकूने ते वाचलं. नीट कळलंय ना याची खात्री करायला तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. जूनमध्ये तो तिच्याबरोबर नर्सिंगचा फॉर्म भरायला गेला. खिडकीवरचा माणूस काय बोलतोय ते उज्ज्वलाने ऐकलं, आणि सही धुडकूने केली.