कागलला खेटून गडहिंग्लज

माझ्या डोक्यातल्या नकाशात कागलला खेटूनच गडहिंग्लज होतं. हसू नका. लहानपणी एसटीत कागल आलं की मला झोप लागायची आणि डोळे उघडायचे ते थेट गडहिंग्लजच्या स्टँडवर. मधला मुलूख मी पाहिलाच नव्हता, तर तो नकाशात येणार कुठून? आमच्या कोल्हापूरबाहेरचं कळंबा मात्र फार लांब होतं, कारण तिथे सायकल स्वतः हाणावी लागायची.

हा नकाशा घेऊन मी सत्ताविसाव्या वर्षी मुलगी पाहायला निघालो. गाव गडहिंग्लजच्या पुढचं, नेसरीच्या अलीकडचं. निरोप स्पष्ट होता: मुलीचा थोरला भाऊ फौजेत आहे, सुट्टी संपली, चारच्या एसटीने तो बेळगावला जाणार. त्याने होकार दिल्याशिवाय सोयरीक पुढे सरकणार नाही. मला याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता.

काका म्हणाले, "दहाला निघू."

मी तोऱ्यात म्हणालो, "कशाला? जेवून निघू. दोन तास लई झाले."

दीडला मोटारसायकल निघाली. कागल आलं, आणि मग गडहिंग्लज काही येईना! निपाणी आली. संकेश्वर आलं. विंगेत दडून बसलेली पात्रं एकेक करून रंगमंचावर यावीत, तशी गावं येत होती. काकांचा घड्याळाचा हात सारखा माझ्या खांद्यावरून पुढे यायचा.

"तीन वाजलं."

"दिसतंय, काका."

"तुला काय दिसतंय? तुला संकेश्वर आज दिसलं!"

विचारत जावं, तर आणखी पंचाईत. आमच्याकडे पाहुण्याला 'लांब आहे' सांगणं म्हणजे 'येऊ नका' म्हटल्यासारखं. संकेश्वरचा पानवाला म्हणाला, "गडहिंग्लज? इल्ले ऐत्री! हे काय, हितंच." गडहिंग्लजच्या पुढे म्हशी हाकणारी एक म्हातारी म्हणाली, "हितंच की, लेकरा. ती झाडं दिसत्यात न्हवं?" ती झाडं मागे पडली, दुसरी आली, तीही मागे पडली. माझे हात हँडलवरून घामाने निसटायला लागले.

गावाच्या फाट्यावर पोहोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नशीब, एसटीला उशीर होता. फौजी काळ्या ट्रंकेवर बसला होता, शेजारी मुलीचे वडील उभे. गाडी बंद करायच्या आधीच मी नमस्कार घातला.

"पावणं, किती वाजता निघालासा?" फौजीने विचारलं.

"दीडला."

काका लगबगीने मध्ये पडले. "अवो, कोल्हापूर म्हंजे हितनं हाकेवर!"

फौजीने माझ्याकडे पाहिलं. "हाकेवर? उद्या आमची आई आजारी पडली, तर बहीण कवा पोचंल?"

हाकेवर म्हणावं, तर माझं ध्यान धुळीने माखलेलं समोर उभं. नाही म्हणावं, तर एवढ्या लांब मुलगी देणार कोण?

"हाकेवर न्हाय," मी म्हणालो. "तीन तास धरा. मला बी आजच कळलं. लहानपणी वाटेत झोपायचो, म्हणून जवळ वाटायचं."

काकांनी मागून माझा शर्ट ओढला. चौथा नकार, मी मनात मोजून टाकलं.

"मग?"

"निरोप आला की मी सोता घिऊन यीन. पण तीन तासांच्या आत न्हाय जमायचं."

तेवढ्यात धुरळा उडवत एसटी आली. फौजीने ट्रंक चढवली, पायरीवर उभं राहून वडिलांना सांगितलं, "आबा, पावण्यांस्नी घरी न्या. गडी खोटं बोलत न्हाय." आणि गाडी गेली.

काकांनी माझ्या पाठीत अशी थाप घातली की मी दोन पावलं पुढे गेलो. "जिंकलास की, लेका!"

"कसलं जिंकलं?" आबा शांतपणे म्हणाले. "ह्यो नुसता भाऊ. घरात चालतं ते पोरीचंच. आन् ती तीनपासनं पोहं झाकून बसलीया."

मी चालता चालता केसांतली धूळ झटकायला लागलो.