गहू नसलेला संडे

माझ्या आतड्याला गहू ओळखता येतो. मला येत नाही. सगळी अडचण एवढीच आहे.

या दुखण्याला सिलिॲक म्हणतात, हे मला नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी वर्षभर माझं पोट सारखं बिघडायचं, वजन उतरत चाललं होतं आणि शाळेत गणित शिकवताना मी टेबल धरून उभा राहायचो. (पोरांना वाटायचं, सरांनाच गणित अवघड जातंय.) शेवटी डॉक्टरांनी घशातून नळी घालून आतडं बघितलं आणि निकाल दिला. गव्हात ग्लुटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो, तो तुमच्या आतड्याला सोसत नाही. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर बंद. कणभरसुद्धा नको.

"बरं झालं, ज्वारीच्या मुलखात जन्मलाव," बायको म्हणाली. "पुण्याला अस्ताव तर उपाशी मरताव."

बायको म्हणजे महानंदा, माहेर उदगीर. घरात तिनं भाकरी, भात, बेसन असा कारभार बसवला आणि दोन-तीन महिन्यांत माझ्या अंगावर मांस दिसायला लागलं. आजार घरात आटोक्यात होता. तेवढ्यात धोंड्याचा महिना आला.

ज्यांना जावई नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, सोन्याचं काही वाण देतात आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. धोंडे कणकेचे. म्हणजे मला मान द्यायचा आणि दवाखान्यात न्यायचं, दोन्ही एकाच ताटात.

महानंदानं तिच्या आईला फोन लावला. सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. स्पीकर चालू होता.

"अव्वा, ह्यांना गहू चालत न्हाई."

"एक धोंडा बी न्हाई?"

"न्हाई."

"लहानसा केला तर?"

"न्हाई, अव्वा."

मग, "साजूक तुपात तळला तर?"

सासरे, म्हणजे अप्पा, यांचं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान. त्यांनी आजाराचं नाव नीट विचारून घेतलं आणि मोंढ्यात सगळ्यांना सांगितलं, "आमच्या जावयाला शिल्लक झालंय." लोक म्हणाले, "अप्पा, ह्या साली कुणाला शिल्लक हाय? नशीबवान हाय जावई."

कारण साल दुष्काळाचं होतं. नळाला पाणी येणं लोक विसरून गेले होते. टँकर कधी यायचा ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. अप्पांच्या अंगणात पाण्याची निळी टिपाडं ओळीनं उभी होती आणि प्रत्येकाच्या झाकणावर दगड होता. आंघोळ परातीत बसून करायची, परातीतलं पाणी संडासाला वापरायचं. आम्ही पोचलो त्या सकाळी मला अख्खी बादली मिळाली. तेव्हा मला कौतुक वाटलं. नंतर कळलं, माझ्या बादलीपायी अप्पा आणि मेहुणा दोघंही बिनआंघोळीचे राहिले होते.

अव्वांनी तर हद्द केली होती. गिरणीत आधी कुणी गहू दळला असला तर त्याचं पीठ ज्वारीत मिसळतं, असं महानंदानं त्यांना सांगितलं होतं. म्हणून त्यांनी माळ्यावरचं जातं खाली उतरवलं, पुसून लख्ख केलं आणि दुखऱ्या खांद्यानं माझ्यापुरती ज्वारी दळली. हिंगाच्या पुडीतसुद्धा कणीक असते म्हणून खडा हिंग आणला. नवा तवा, नवी कढई. ज्वारीच्या पिठाचे धोंडे केले. ते वळताना फुटत होते, त्या पुन्हा वळत होत्या. "संध्याकाळी दिवा लावून वाण देऊ," म्हणाल्या. एवढी काळजी माझ्या पोटाची माझ्या पोटानंही कधी घेतली नव्हती.

दुपारी चारच्या सुमारास मेहुणा आला. त्याचं नाव मल्लू, स्पेअर पार्टच्या दुकानात काम करतो. "दाजी, चला. तुमाला नवीन ठिकाण दाखवतो."

उदगीरचा जिल्हा होणार, अशी बातमी तेव्हा पुन्हा एकदा उठली होती. बसवराज नावाच्या माणसानं त्या भरवशावर बसस्टँडजवळ 'न्यू डिस्ट्रिक्ट फास्ट फूड' काढलं होतं. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, आणि कलेक्टर आला की तो आईस्क्रीम खायला कुठं जाणार, असा त्याचा हिशोब. आत एसी होता, काचेचे उंच ग्लास होते. भिंतीवर आईस्क्रीमच्या एका पदार्थाचं भलंमोठं चित्र होतं, खाली 'डिस्ट्रिक्ट स्पेशल संडे'.

मी काही अडाणी पेशंट नव्हतो. मी सरळ काउंटरवर गेलो आणि चौकशी सुरू केली.

"ह्या संडेत गहू आहे का?"

बसवराजनं माझ्याकडं, मग मल्लूकडं पाहिलं. "आईस्क्रीममदी गहू कशाला घालू, साहेब?"

"कणीक?"

"न्हाई."

"रवा?"

"साहेब, ही पिठाची गिरणी न्हाई."

"आणि हे वरती कुरकुरीत दिसतंय ते?"

"क्रंच."

"क्रंच म्हणजे काय?"

"क्रंच म्हंजे क्रंचच की. कंपनीतून पाकीट येतं."

मी चित्राकडं बारकाईनं पाहिलं आणि तो शेंगदाणा आहे असं ठरवून टाकलं. गणिताच्या माणसाला एखादी गोष्ट गृहीत धरायला फार वेळ लागत नाही. कोनातलं आईस्क्रीम नको, मला ग्लासातच द्या, असंही मी वर बजावलं. मल्लूवर माझ्या ज्ञानाची छाप पडलेली दिसत होती.

संडे उत्तम होता. तळाशी चॉकलेटमध्ये भिजलेला मऊ काळा थर होता. तोही मी चाटून पुसून खाल्ला.

दिवेलागणीला अंगणात पाट मांडला. भोवती महानंदाचे चुलते, चुलत्या, गल्लीतल्या बायका. अंगणाच्या एका टोकाला तुळस, दुसऱ्या टोकाला संडास. मधोमध मी, डोक्यावर टोपी. अव्वांनी निरांजन लावलं, ताट उचललं आणि ओवाळायला समोर आल्या. तेवढ्यात माझ्या पोटात कुणीतरी टेबल सरकवावं तसा आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तो ऐकला.

ओवाळणं निम्म्यावर आलं आणि मी उठलो. काही न बोलता उठलो, कारण बोलायला तोंड उघडणंही धोक्याचं वाटत होतं. टोपीसकट संडासात शिरलो आणि कडी लावली.

दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"जावई पाटावरून उठला?" थोरले चुलते म्हणाले. "वाण न घेता?"

"रुसले वाटतं," एक चुलती म्हणाली.

"अंगठी हलकी वाटली असंल."

"अंगठी अजून दावली बी न्हाई की."

अप्पांच्या चपलांचा आवाज दारापर्यंत आला. त्यांनी घसा साफ केला. मोंढ्यात सौदा फिसकटायला लागला की ते ज्या आवाजात बोलतात, तोच आवाज लावला. "जावईबापू, मनात काय असंल ते मोकळेपणानं सांगा. आमी न्हाई म्हननार न्हाई."

आतली बादली रिकामी झाली होती. मी म्हणालो, "पाणी."

"काय म्हन्ले?"

"अप्पा, पाणी पाहिजे."

चपला परत गेल्या. अप्पांनी जमलेल्यांना हळूच सांगितलं, "पानी मागायलेत."

"सोनं मागा म्हनावं," थोरले चुलते म्हणाले. "ह्या साली पानी कुठून द्यावं?"

पण दिलं. पहिल्या टिपाडावरचा दगड उचलल्याचा आवाज मी आतून ऐकला. मग दुसऱ्या. मी बाहेर यायचो, अंगणातल्या सगळ्यांच्या नजरा खाली जायच्या, मी अर्ध्या वाटेवरून परत फिरायचो. रात्र चढायच्या आत अंगणातली टिपाडं तळाला गेली. शेजारचे रामशेट्टी घागर घेऊन आले. त्यांच्या पलीकडच्या घरातून कळशी आली. आणणारा प्रत्येक जण "आता कसं वाटतंय?" असं दाराला विचारायचा आणि मला आतून उत्तर द्यावं लागायचं.

एवढं होऊनही मला शरम वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अंगणात अव्वा रडत होत्या.

"माझंच चुकलं. जात्याच्या खाचंत जुना गहू ऱ्हायला असंल. एवढं पुसलं तरी ऱ्हायला."

"अव्वा, त्यांनी अजून घास बी खाल्ला न्हाई," महानंदा म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. गणित मी शिकवतो, पण घरात ते सुटतं तिच्याकडून. "मल्ल्या, इकडं ये. दुपारी दाजीला कुठं नेलतास?"

"कुठं न्हाई."

"काय खाल्लं त्यांनी?"

मल्लू हळूच म्हणाला, "संडे."

थोरल्या चुलत्यांना कमी ऐकू येतं. ते वैतागून म्हणाले, "संडासात गेलेत ते आमाला दिसायलंय. खाल्लं काय ते सांग की."

मी आतून ओरडून खुलासा केला. आईस्क्रीम खाल्लं, अव्वांचा काही दोष नाही, जात्याचा तर मुळीच नाही. माझ्या आयुष्यातलं जाहीर भाषण म्हणता येईल असं ते एकच, आणि तेही कडी लावून झालं. अव्वांनी डोळे पुसले. "मंग ठीक हाय," म्हणाल्या, आणि गार झालेले ज्वारीचे धोंडे झाकून ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून पडून होतो. महानंदा मल्लूला घेऊन बसवराजकडं गेली आणि बसवराजलाच घरी घेऊन आली. त्यानं बरोबर क्रंचचं पाकीट आणलं होतं. क्रंच म्हणजे बिस्किटाचा चुरा होता. तळाचा काळा थर केकचा होता. वरचं चॉकलेट दाट व्हावं म्हणून त्यात बसवराज स्वतः दोन चमचे मैदा घालायचा.

"पण मी विचारलं होतं," मी म्हणालो. "गहू आहे का म्हणून."

"गहू न्हाईच, साहेब. मैदा हाय."

"मैदा कशाचा असतो?"

बसवराज विचारात पडला. "मैदा मैद्याचा असतो," तो म्हणाला. मग अप्पांकडं वळून, "न्हाई का, अप्पा?"

धान्याच्या व्यापारात जन्म गेलेल्या अप्पांनी माझ्याकडं बघून नुसता उसासा टाकला. बसवराज माणूस भला होता. दुकानातले थंड पाण्याचे दोन जार तो रिक्षातून घेऊन आला होता, ते त्यानं अंगणातल्या रिकाम्या टिपाडांपाशी उतरवले. "आमच्यामुळं खर्च झालेलं पानी," म्हणाला, आणि चहा न घेता गेला. जाताना मल्लूला हळूच विचारलं, "साबुदान्याचं चालतं का रे त्यांना?"

दोन दिवसांनी पोट ठिकाणावर आल्यावर अव्वांनी मला परत पाटावर बसवलं. या वेळी पाहुणे नव्हते. ज्वारीचे धोंडे नव्यानं केले होते, पुन्हा जात्यावर दळून. मी पाच खाल्ले. त्या समोर बसून माझ्या तोंडाकडं नाही, पोटाकडं बघत होत्या.

आम्ही नांदेडला परतलो. पुढं पाऊस बरा झाला, दुष्काळ सरला. उदगीरचा जिल्हा काही झाला नाही. तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला आणि अप्पांचा फोन आला.

"या," म्हणाले. "घाबरू नका. परसात बोअर घेतलाय."

बोअरला पाणी चांगलं लागलं आहे. उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथंच भरते. इतर जावयांना सासरकडून गाडी मिळते, घड्याळ मिळतं; माझ्या नावानं बोअर आहे. त्याला 'जावयाचा बोअर' म्हणतात. नव्या माणसानं नावाचं कारण विचारलं की बायका घागरी खाली ठेवून सांगतात म्हणे, आणि एकही तपशील गाळत नाहीत.