हळद मुरलेला कोबा

पुसदमध्ये माझं पहिलं काम वाचवलं ते माझ्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या भावाने, हे आधीच सांगून टाकतो. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. आणि या मामांइतका संशयी माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांचा जन्म जिनिंगमध्ये कापसाची पारख करण्यात गेला. वरून कोरडा आणि पोटात पाणी मारलेला कापूस ते ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून ओळखायचे. कामावरून सुटले, पण हाताची सवय सुटली नाही. वांग्याच्या टोपलीत तळाशी हात, तुरीच्या पोत्यात तळाशी हात. पंगतीत बसले तरी वाढप्याला बुंदी परातीच्या खालून वाढायला लावतात. मनगटावर दोन घड्याळं असतात, कारण एकावर भरोसा नाही. दोन्हींत फरक पडला की दिवसभर खुशीत.

मी आठवीतून शाळा सोडलेला कोकणातला माणूस. फरशीच्या ठेकेदाराबरोबर इकडे आलो. तो परत गेला, मी राहिलो. सिमेंटच्या कोब्यात रंग मुरवायचं काम तेवढं हातात होतं. गल्लीच्या टोकाला एका शिक्षिकाबाईंचं नवं घर होतं, त्यांच्या हॉलचं काम मिळालं. हा रंग एकदा आत शिरला की पुसून निघत नाही. बिघडला असता तर या गावात दुसरं काम कोणी दिलं नसतं, मुकाट्याने घरी परतावं लागलं असतं. धास्तीने रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचो.

कामाच्या पहिल्याच सकाळी मामा न बोलावता हॉलच्या दारात. मला वाटलं, यांचा कोणी मिस्त्री असणार, मला उठवून त्याला बसवणार. त्यांनी डबा हलवला, वास घेतला, झाकणावरची तारीख चष्मा लावून आणि काढून वाचली. मग रंगांचं कार्ड माझ्यासमोर धरलं. "हा रंग कागदावर बसला. कोब्यावर कसा बसते, थे दाखव." मी दिवाण येणार होता त्या कोपऱ्यात हातभर लावून दाखवला. बाईंनी कार्डावर पसंत केलेला कॉफीचा रंग कोब्यावर भिजल्या विटेसारखा उतरला. बाईंनी घाईने मधाचा रंग निवडला.

वाटलं, आता जातील. तर त्यांनी लोटा मागितला आणि गुडघ्यांवर रांगत हॉलभर पाण्याचे थेंब टाकत सुटले. हा म्हातारा माझी चेष्टा करतोय, असंच मी धरून चाललो. थेंब सगळीकडे मुरत होते. फक्त मधोमध, पाटाएवढ्या जागेत, मण्यांसारखे उभे राहिले. मामांनी त्यातला एक बोटाने ढकलून पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, इथं कोणाले हळद लावली?"

बाईंनी मला कोबा कोरा आहे असं सांगितलं होतं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग पदराशी चाळा करत बोलल्या, की वैशाखात पोरीची हळद इथंच झाली. "पण पुसलंतं न मी चांगलं. पिवळं काहीच नव्हतं राह्यलं."

"पिवळं गेलं. तेल बसून राह्यलं खाली."

मी तसाच ब्रश मारला असता तर हॉलच्या मधोमध नवरी बसल्याएवढी जागा कायमची फिकी राहिली असती. मग कढत पाणी, साबणाची पावडर, घासणं. प्रत्येक धुण्यानंतर मामांचे थेंब. मुरले तरी म्हणत, हे खोटं मुरलं, अजून घास. चौथ्या दिवशी त्यांनी मान हलवली आणि मी रंग लावला. दोन हात मारून वरून चकाकीचा थर दिला. बाई अनवाणी पायांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या आणि आतल्या दोन खोल्याही मलाच करायला सांगितल्या.

तरी माझ्या मनातला किडा जाईना. मामांना सरळ विचारलं, माझ्यासाठी एवढं काहून केलं? इकडचा शब्द तेव्हा तोंडात नवाच होता. ते म्हणाले, "लबाड मानूस घाबरत नाही रे पोट्ट्या. तू काम मिळाल्यापासून घाबरून राह्यला, म्हून आलो."

परवा त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. खाली उघडा, करडा, खरबरीत कोबा. मामीला लाल पाहिजे होता म्हणे. पण कोणत्याच मिस्त्रीवर मामांचा भरोसा बसला नाही, आणि तेवढ्यात मामी गेली. हे सांगताना ते दोन्ही घड्याळं उगाच पाहत होते. त्या खोलीचा कोबा एक दिवस मी माझ्या हाताने लाल करून देणार, आणि तोवर हे गाव सोडणार नाही.