रेडिओची जागा

माझी नणंद बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिशी उलटल्यावर तिने शिक्षिका व्हायचं मनावर घेतलं. "डॉक्टरांचं अक्षर लागतं मला, पोरांचं का नाही लागणार?" म्हणाली. "पोरं गोळीसारखी गप पुडीत बसत नाहीत गं," असं तिच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, चिडवलं. पण कॉलेजात प्रवेश घ्यायला तिच्याबरोबर गेले तेच.

सरावाचे पाठ घ्यायला तिला एका प्राथमिक शाळेत धाडलं. तिसरीचा वर्ग, विषय इंग्रजी. शाळेच्या मागेच हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणारा मोठा कारखाना. तिथे कुठून कुठून कामाला आलेल्यांची मुलं या वर्गात. घरी बोलायच्या भाषा चार-पाच. एकाला डाव्या कानाने ऐकू येत नसे, एक मुलगी धडेच्या धडे वाचून मोकळी व्हायची, तर कुणाला पेन्सिल धरणंही जड. वर्गाच्या नेहमीच्या शिक्षिका त्या मोठ्या बाई आणि आमची ही छोट्या बाई. उंचीने ही त्यांच्याहून वीतभर जास्त, तरी छोट्याच.

ती जीव ओतायची. पुठ्ठ्याचे प्राणी कापून कापून माझी चांगली कात्री बोथट केली तिने. रोज आल्यावर तोंडभरून पोरांचं सांगायची, ते ऐकायला मला आवडायचं.

त्या सांगण्यात एक मुलगी हमखास असे. तिचं नाव पोरांनीच रेडिओ पाडलेलं. खिडकीजवळ बसायची आणि पाठभर तिचं तोंड चालू. शेजारी तिची मावसबहीण, गावाहून नुकतीच आलेली. तिला सगळे नवी म्हणत. नवी कुणाशी बोलत नसे, पण एकदा छोट्या बाईंनी डस्टर टेबलाखाली ठेवून "व्हेअर इज इट?" विचारलं, तर हात वर करून म्हणाली, "अंडर द टेबल!" त्या दिवशी माझी नणंद पेढे वाटायचीच बाकी होती.

मग मोठ्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि नेमक्या तेव्हाच कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला आल्या. मागे बसल्या, जाताना म्हणाल्या, "तयारी छान. पण वर्गात कुजबुज फार. त्या खिडकीतल्या मुलीला आवरा."

हिने मनाला लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी रेडिओला उचलून पहिल्या बाकावर, अगदी नाकासमोर बसवलं. वर, दर आठवड्याला गप्प बसणाऱ्या मुलाच्या छातीवर सोनेरी कागदाची चांदणी लावायची असं ठरवलं. रेडिओ दोन-तीन दिवस चुळबुळली, मग गप्प झाली. चांदणी तिलाच मिळाली. मॅडम पुन्हा आल्या तेव्हा वर्ग इतका शांत, की फळ्यावर खडूचा आवाज येत होता. "याला म्हणतात वर्गावर पकड," मॅडम म्हणाल्या. आम्ही घरी चांगलं गोडधोड केलं.

नवीचा हात मात्र पुन्हा वर झाला नाही. ती फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवायची, कधी उलटीसुद्धा. "घरची आठवण येत असेल," म्हणून नणंदेने तिला रंगीत पेन्सिली नेऊन दिल्या.

मोठ्या बाई रजेवरून परतल्या आणि दारातच थबकल्या. "रेडिओला इथे कुणी बसवलं?"

"मी. फार बडबडायची."

"अहो, बडबड कसली? तुम्ही बोलाल ते ती बहिणीला त्यांच्या भाषेत सांगायची. म्हणून तर मी दोघींना एका बाकावर बसवलं होतं. तुम्हाला सांगून जायला हवं होतं मी."

नणंदेने लगेच रेडिओला परत खिडकीजवळ नेलं. "आता सांग हं तिला, मी काय म्हणते ते."

रेडिओने छातीवरची चांदणी नीट दाबून बसवली. "मी नाही बोलत आता, बाई. मी शहाणी झाले."

नणंदेने पोरीला परोपरीने समजावलं, बोलणाऱ्यालाही चांदणी देऊ केली. रेडिओ मान डोलवायची आणि ओठ घट्ट मिटायची. तेवढ्यात सरावाचे दिवस संपले. नणंदेला पाठांत पहिला वर्ग मिळाला.

सुट्टी लागल्यावर कळलं, नवीच्या बापाने तिला शाळेतून काढून गावी आजीकडे पाठवलं. शिकणं हिच्या डोक्यात शिरत नाही, असं घरच्यांचं मत झालेलं. नणंद पत्ता काढत रेडिओच्या घरी गेली. मीही बरोबर होते. एकच खोली, दोरीवर कामाचे निळे डगले. रेडिओच्या आईला आपली भाषा जेमतेम येत होती. तिने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला.

"आईला सांग," नणंद रेडिओला म्हणाली, "नवीचं डोकं चांगलं आहे. चूक माझी झाली. तिला परत बोलवा म्हणावं."

रेडिओने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे वळून दोनच शब्द बोलली. आई हसली, नणंदेच्या खांद्यावर थोपटलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"काय सांगितलंस गं?" नणंदेने विचारलं.

"चहा आवडला म्हटलं."

नणंदेने मग स्वतःच हातवारे करून, तुटक शब्दांत पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. आई आदराने मान हलवत राहिली. कितपत पोचलं, कोण जाणे. नवी परत आली नाही.

नणंद आता दुसऱ्या शाळेत कायम आहे. तिच्या वर्गात गलका फार, अशी तक्रार हेडमास्तर करतात. ती हसून ऐकून घेते. कधी मीच म्हणते, "झालं ते झालं. नंतर किती पोरांना शिकवलंस तू!" त्यावर ती म्हणते, "ती पोरं नवीच्या जागी येत नाहीत ना, वहिनी," आणि उठून कामाला लागते.