वायपरची दांडी कोणी धरायची

रावसाहेबांनी मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात धरून ऐकवलं. "शेठ भाजीवालीशी कोथिंबिरीवरून भांडतात. गाडीची काचही त्याच भावातली असणार. उन्हाने तडकली. त्यात मी काय करू? मी कुणाच्या गाडीला हातसुद्धा लावत नाही."

लोक हसले. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती आजी, सगळ्यांच्या बा, त्या तर तोंडाला पदर लावून हसल्या. मी ते हसणं घरी घेऊन आलो आणि पुढचे कितीतरी दिवस त्याला खाऊपिऊ घातलं.

रावसाहेब म्हणजे आमचे सेक्रेटरी. नाव वेगळं आहे, पण अख्खी सोसायटी त्यांना रावसाहेबच म्हणते. पणजोबा बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांची तसबीर दारातून आत पाऊल टाकताच दिसते. आमचे पूर्वज त्याच संस्थानाच्या फौजेत शिपाई होते. आमच्याकडे तसबीर नाही. मी पिशवीत नळ घालून स्कूटरवरून घरोघर विकत सुरुवात केली, आज बडोद्यातच फतेगंजला माझं बाथरूम फिटिंगचं दुकान आहे. मला ते 'शेठ' म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे.

भाव मी करतोच. कोथिंबिरीवरूनही करतो. पण मी भाव कमी करून घेतो, माल हलका घेत नाही. सगळा धंदा मी याच एका वाक्यावर उभा केला आहे. गाडीची काच कंपनीची होती. ती स्वस्तातली म्हणणं म्हणजे माझ्या दुकानातला प्रत्येक नळ डुप्लिकेट म्हणणं. पैशाचं नुकसान मी सोसलं असतं. हे सोसणार नव्हतो. मला त्यांच्या तोंडून, त्याच माणसांसमोर, ऐकायचं होतं की काच त्यांनी फोडली.

कारण फोडली त्यांनीच होती.

आमच्याकडे गाड्या धुणारा भाई पहाटे येतो. गाडी धुऊन झाली की दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे ठेवतो. आपण खाली उतरलो की लांबूनच कळतं, गाडी धुतली आहे. त्याची हीच पावती. रावसाहेबांना हे बघवत नाही. "रांगेने उभ्या गाड्या, सगळ्या हात वर करून शरण आल्यासारख्या! काय शोभा आहे ही?" असं ते म्हणतात आणि सकाळच्या फेरीत एकेक वायपर पाडत जातात. फाट्, फाट्. रबर असतं म्हणून काचेला काही होत नाही. हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं आणि पाहिलेलंही फारसं कुणी नव्हतं, कारण त्या वेळी सोसायटी झोपलेली असते. मी उठलेला असतो. धंदेवाल्या माणसाला झोप लागत नाही.

त्या रविवारी मी वायपरची ब्लेडं बदलत होतो. जुन्याचं रबर फाटून बुटाच्या नाडीसारखं लोंबत होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं ब्लेड काढलं, नुसती लोखंडी दांडी उभी राहिली. नव्या ब्लेडचा हुक त्या दांडीत बसेना. पाकिटात दुसरी क्लिप होती, ती मी टेबलावर विसरलो होतो. वर गेलो. जिन्यात असतानाच आवाज ऐकला. फाट् नव्हे, टण्.

धावत खाली आलो. दांडी काचेवर पडलेली, तिच्या टोकाखालून भेग थेट वरपर्यंत गेलेली. आणि गेटकडे वळणारी रावसाहेबांची पाठ. चाल नेहमीपेक्षा जरा जलद.

दांडी उघडी ठेवताना काचेवर टॉवेल घडी करून ठेवायचा असतो, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. ठीक आहे. टॉवेल नव्हता म्हणून काच फोडायचा परवाना मिळतो का?

काच मी बदलून घेतली. बायको म्हणाली, "आता ब्लेडं पण बदला आणि विषय संपवा."

"काच बदलली. विषय नाही बदलणार."

"म्हणजे फाटक्या वायपरवर पावसाळा काढणार?"

"ज्याने काम अडवलं तोच ते पुरं करेल."

तिने कपाळाला हात लावला. मी मात्र नव्या ब्लेडांचं पाकीट डॅशबोर्डवर ठेवलं, समोर दिसेल असं, आणि जुनी ब्लेडं परत चढवली. दुकानाच्या मालासाठी मला करजणला जावं लागतं. हायवेवर ट्रकच्या चाकांतून उडालेला चिखल काचेवर बसे, वायपर तो इकडून तिकडे फासत जाई आणि नेमका माझ्या डोळ्यासमोर पंख्याच्या आकाराचा गढूळ पट्टा राही. मान वाकडी करून त्याच्या खालून बघत मी गाडी चालवली. नव्या काचेवर बारीक चरा उमटायला लागला तरी पाकीट उघडलं नाही. कर्र जाताना, कर्र येताना. प्रत्येक कर्रला मला रावसाहेबांचा चहाचा कप आठवत होता. बायको शेजारी दरवाजाची मूठ घट्ट धरून बसलेली असायची. एकदा म्हणाली, "त्या माणसाच्या आधी आपणच वर जाऊ." मी म्हटलं, "मग वरून बघेन त्याला."

पंधरा ऑगस्ट आला. सोसायटीत झेंडा रावसाहेबच फडकवतात. सेक्रेटरी झाल्यापासून दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. त्या दिवशी पांढरा शुभ्र कडक इस्त्रीचा कुर्ता, केस चापून बसवलेले, आणि वेळेआधी सगळ्या आवारात एक चक्कर.

आदल्या संध्याकाळी मी बाजव्याला ओळखीच्या गॅरेजमधून बेअरिंगला लावतात ते काळं ग्रीस डबीभर आणलं होतं. गाड्या धुणाऱ्या भाईला सांगितलं, माझ्या गाडीला आज हात लावू नकोस. पहाटे स्वतः खाली उतरलो, दोन्ही वायपर उभे केले आणि दांड्यांना मागच्या बाजूने, जिथे पाडणाऱ्याची बोटं टेकतात तिथे, ग्रीस फासलं. मग वर जाऊन दाढी केली. फार दिवसांनी दाढी करताना शीळ घालत होतो.

खाली आलो तेव्हा माणसं जमली होती. माझे वायपर आडवे पडलेले होते. रावसाहेब खांबाजवळ हात मागे बांधून उभे होते. त्यांनी दोरीकडे हात नेला.

"थांबा रावसाहेब," मी म्हटलं. "आधी हात बघा."

त्यांनी तळवा पाहिला. कोळशासारखा काळा. दुसराही तसाच. मागे हात बांधल्यामुळे कुर्त्याच्या पाठीवर पंजेच्या पंजे उमटलेले. बायका पुढे झाल्या. "अरे, आ शुं थयुं?" कुणी कागद आणला, कुणी पाणी. ग्रीस पाण्याने जातं थोडंच! पसरलं. आता त्या हातांनी दोरी कशी धरायची? थोडी कुजबुज झाली आणि सगळ्यात वयस्कर म्हणून बांना पुढे केलं गेलं. बांनी झेंडा फडकवला. राष्ट्रगीत झालं. रावसाहेब मुठी आवळून ताठ उभे होते. मीही ताठ उभा होतो, पण माझे हात स्वच्छ होते.

गीत संपल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रावसाहेब, लागलं कुठे एवढं?"

"कुणीतरी वायपर उभे ठेवले होते, ते खाली केले."

"कुणाच्या गाडीचे?"

"तुमच्याच असतील."

"पण तुम्ही तर कुणाच्या गाडीला हातसुद्धा लावत नाही ना?"

इथे त्यांचा तोल गेला. अधिकाऱ्यांच्या घराण्याला उलटतपासणीची सवय नसते. "लावतो! रोज लावतो! रोज पाडतो मी एकेक! या सोसायटीला शिस्त लावायला दुसरं आहे कोण?"

बोलून गेले आणि मग त्यांनाच ऐकू आलं. आवारात कुणी हसलं नाही. बा अजून दोरीजवळच उभ्या होत्या. त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "तो काच पण तमे ज तोड्यो ने, भाई?"

रावसाहेब बराच वेळ हात पुसत राहिले. मग मराठीत, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "दांडीला ब्लेड नव्हतं, हे मला दिसलं नाही."

"जरा मोठ्याने."

"काच माझ्याकडून फुटली!"

"आणि ती कंपनीची होती."

"...कंपनीची होती. किती द्यायचे ते सांगा."

"पैसे नकोत. मी तुमच्याशी भाव करायला उभा नाही." मी गाडीतून पाकीट काढलं. "त्या दिवशीचं काम अर्धं राहिलंय. मी ब्लेड बदलतो. तुम्ही दांडी धरा."

नाश्त्याच्या सेवउसळीच्या पातेल्याभोवती गर्दी झाली होती, पण बशा हातात घेऊन सगळे आमच्याकडे वळले. रावसाहेब आले. दोन्ही हातांनी उघडी दांडी धरून उभे राहिले. मी जुनं ब्लेड काढलं. नवं लावलं. नीट बसलं नाही म्हणालो, परत काढलं. क्लिप उलटसुलट करून पाहिली. बारीक पाऊस सुरू झाला, कुर्ता भिजून काळे पंजे आणखी पसरले.

"झालं का?"

"घाई नको. सोडलीत तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांची उसळ तोवर थंड झाली होती, शेव पार विरघळली होती. मी दुसरी बाजूही तितक्याच निवांतपणे केली.

तेव्हापासून दर पावसाळ्याआधी नवी ब्लेडं घेतली की मी त्यांची बेल वाजवतो. "या रावसाहेब, दांडी धरायला." येतात. कुरकुरत येतात, पण येतात. बायको म्हणते, पुरे करा आता, वय झालं त्यांचं. हल्ली ते काचेवर ठेवायला घरून टॉवेलही घडी करून आणतात. तो मी घेतो, बॉनेटवर बाजूला ठेवतो आणि दांडी त्यांच्या हातात देतो.